कोकणातील ऑलिव्ह रिडले कासवांचा जनुकीय अभ्यास

कोकण किनाऱ्यावर विणीसाठी येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांचा समूह स्वतंत्र आहे की तो पूर्व किनाऱ्यावरील मोठ्या समूहाचाच भाग आहे, हा संवर्धन जनुकशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. समूह स्वतंत्र असेल, तर येथील माद्या नष्ट झाल्यास त्यांची जागा ओडिशातील कासवे सहजासहजी भरून काढणार नाहीत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात तांबळडेग (ता. देवगड), वायंगणी (ता. वेंगुर्ला) आदी किनाऱ्यांवर माद्या एकेकट्या येऊन अंडी घालतात. ओडिशातील गहिरमाथा येथे मात्र त्या हजारोंच्या संख्येने एकाच वेळी येतात. या सामूहिक विणीस ‘अरिबाडा’ म्हणतात.

मादी साधारणतः आपल्या जन्मस्थळाच्या परिसरात परतते. तंतुकणिकांतील डीएनए केवळ आईकडून मिळत असल्याने ही परंपरा त्यात उमटते. २००४ मध्ये कार्तिक शंकर, लालजी सिंग आदींनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील सामूहिक व एकेकट्या विणीच्या कासवांत जनुकीय भेद आढळला नाही; मात्र अन्य महासागरांतील कासवांहून ती वेगळी व अधिक प्राचीन वंशाची ठरली. येथे सावधगिरी हवी. भेद न आढळणे म्हणजे समूह एकच असणे नव्हे, कारण प्रत्येक पिढीत मोजक्याच माद्यांनी किनारा बदलला तरी भेद पुसट होतो.

असा बदल प्रत्यक्ष घडतो. २०२१ मध्ये गहिरमाथा येथे खूणपट्टी लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागर येथे अंडी घालताना आढळली. त्यापूर्वी, २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह टॅग लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. मात्र एखाद्या कासवाचा प्रवास म्हणजे जनुकांची देवाणघेवाण नव्हे. ती पिल्लांच्या डीएनएवरूनच सिद्ध होते.

नरांचा वाटा पेशीकेंद्रातील डीएनएवरून कळतो. कोस्टा रिकातील २००६ च्या अभ्यासात अरिबाडातील ९२ टक्के घरट्यांत एकाहून अधिक पिते आढळले, तर एकेकट्या विणीच्या घरट्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. कोकणातील विखुरलेल्या घरट्यांतही असेच असल्यास येथील जनुकीय वैविध्य माद्यांच्या संख्येवरून वाटते त्याहून कमी असू शकेल.

नमुन्यांसाठी मृत पिल्ले व न फुटलेली अंडी पुरतात. प्रजाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने परवानगी आवश्यक असते. कासवमित्रांनी अंडी उबवणी केंद्रात हलवताना घरट्यांची स्वतंत्र नोंद ठेवणे निर्णायक ठरते. अन्यथा एकाच मादीची पिल्ले वेगवेगळे नमुने म्हणून मोजली जातात.