मॅगझिन : एका शब्दाच्या दोन वाटा

सातवीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. फळ्यावर 'मॅगझिन' हा शब्द लिहून मी अर्थ विचारला. मागच्या बाकावरून एकाने लगेच उत्तर दिले, "सर, पिस्तौल में डालते वो!" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. मुलाचे चुकले नव्हते. 'एक पिस्तूल, दोन मॅगझिन व जिवंत काडतुसे जप्त' अशा बातम्या तो वाचतो, सिनेमात तेच पाहतो. पण वाचायचे मॅगझिन एकालाही आठवू नये, याचे वाईट वाटले. त्या दिवशी धडा बाजूला ठेवून मी या शब्दाचीच हकीकत सांगितली.

हा शब्द इंग्रजांचा नव्हे. अरबीत 'खजन' म्हणजे साठवणे. जिथे साठवायचे ती जागा 'मखजन', आणि तिचे अनेकवचन 'मखाजिन'. भूमध्य समुद्रावर अरब व इटालियन व्यापाऱ्यांची देवघेव होती. त्या वाटेने मालाबरोबर शब्दही गेला. इटलीत तो 'मागाझिनो' झाला, फ्रान्समध्ये 'मागाझँ' आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात 'मॅगझिन'. अर्थ एकच, कोठार. फ्रेंच आणि रशियन भाषांत आजही या शब्दाचा अर्थ साधे दुकान असा आहे.

इंग्रजीत मात्र हे कोठार मुख्यतः दारूगोळ्याचे झाले. पुढे बंदुकीत काडतुसे ठेवायच्या पेटीलाही तेच नाव मिळाले. ११ मे १८५७ रोजी दिल्लीचे मॅगझिन बंडवाल्या शिपायांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वतःच उडवून दिले. त्याचे दरवाजे काश्मिरी गेटजवळ अजून उभे आहेत. मुंबईत दारूखान्यात मॅगझिन स्ट्रीट आहे. दारूखाना आणि मॅगझिन, दोन्हींचा अर्थ एकच!

दुसरी वाट १७३१ साली फुटली. लंडनच्या एडवर्ड केव्हने 'जंटलमन्स मॅगझिन' नावाचे मासिक काढले. लेख, बातम्या, कविता असा सर्व माल एका जागी मिळावा, म्हणून त्याने कोठाराचे नाव दिले. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात या नव्या अर्थाची नोंद झाली. दारूगोळ्याच्या जागी शब्द साठू लागले.

आपल्याकडेही हे घडले. १९०१ साली शेख अब्दुल कादिर यांनी लाहोरहून उर्दू मासिक सुरू केले, त्याचे नाव 'मखजन'. त्याच्या पहिल्या अंकात इक्बाल यांची 'हिमाला' ही नज्म छापली गेली. उर्दूत मासिकाला 'रिसाला' म्हणतात आणि घोडदळाच्या तुकडीलाही रिसालाच म्हणतात. तिथेही लेखणी आणि तलवार एकाच घरात नांदतात.

आता मराठीकडे पाहा. त्याच 'खजन'मधून निघालेला शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे 'खजिना' होऊन आला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी लोकांच्या तोंडचा खजिना गेला नाही. आज गणेश मंडळापासून मशिदीच्या कमिटीपर्यंत सगळीकडे खजिनदार असतो. बीडची निजामशाही काळातील खजाना विहीर प्रसिद्ध आहे. तिथला खजिना पाण्याचा आहे.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो सूरह यूसुफमधला अर्थ. हजरत यूसुफ (अ. स.) मिसरच्या बादशहाकडे भूमीच्या 'खजाइन'ची जबाबदारी मागतात. ती कोठारे धान्याची होती, दुष्काळात लोकांना जगवण्यासाठी होती.

मी मराठीत लिहितो म्हणून कोणी विचारतो, "तुम्ही उर्दूवाले ना?" उर्दूवाल्यांतही कोणी विचारतो, "मराठीत कशाला?" दोघांना माझे उत्तर हेच की 'खजिना' कोणाचा ते आधी ठरवा. ज्याने वापरला त्याचा तो झाला.

कोठार चांगले की वाईट, हे आत काय साठवले यावर ठरते. दुसऱ्या दिवशी मी घरातले जुने रिसाले आणि मराठी मासिके वर्गात नेऊन ठेवली. मागच्या बाकावरचा तो मुलगा एक अंक उचलून म्हणाला, "सर, ये भी मॅगझिनच है ना?"

"हो बेटा," मी म्हटले, "हेही मॅगझिनच."