पोटुशीचं ताट

घरात कुणाला दिवस गेल्याची बातमी फुटली की सल्ले सुरू होतात. ते मागावे लागत नाहीत. पपई खाऊ नको, पोट पडेल. जांभळं नकोत, पोर काळं होईल. जुळं केळं खाल्लंस तर जुळी होतील. केशराचं दूध पी, बाळ गोरं निघेल. शेंगदाणे उष्ण, वांगं वातूळ, दही थंड, पालेभाजीनं पोट बिघडतं. ग्रहणात पाण्याचा घोटसुद्धा नको. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, फार जेवू नकोस गं, बाळ मोठं झालं तर सुटका अवघड जाईल. हे सांगणारी सासू असते, जाऊ असते, नळावरची शेजारीण असते, एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा असते. आता त्यात फोनवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे.

अडाणीपणा म्हणून हे सगळं उडवून लावणं सोपं आहे. पण सल्ला देणारी बाई बहुतेक वेळा मायेनंच बोलत असते, आणि तिला तो तिच्या सासूकडून आलेला असतो. म्हणून हे सल्ले आले कुठून, ते आज बघू.

घरात जरा वाद झाला की 'शास्त्रात सांगितलंय' असं म्हटलं जातं. शास्त्रात काय आहे? चरकसंहितेत गर्भिणीचा महिन्यामहिन्याचा आहार दिला आहे. पहिल्या महिन्यात साधं दूध, तिसऱ्यात मध-तूप घातलेलं दूध, चौथ्यात दुधाबरोबर लोणी, आठव्यात दुधात शिजवलेली पेज तूप घालून. ज्या घरच्या दावणीला गाई होत्या त्या घरासाठीच हे लिहिलेलं असणार, हे उघड आहे. पण मूल मोठं होईल म्हणून कमी खा, असा सूर त्यात नाही. उलट तिला भरवा, जपा, असाच सूर आहे.

धाक मात्र तिथंही आहे. त्याच ग्रंथात म्हटलंय की सतत गोड खाणारीचं मूल प्रमेहाचं किंवा फार लठ्ठ होतं, सतत खारट खाणारीच्या मुलाला लवकर सुरकुत्या आणि टक्कल पडतं, सतत आंबट खाणारीच्या मुलाला कातडीचे आणि डोळ्यांचे विकार होतात. मुलात काही खोट निघाली की आईनं काय खाल्लं होतं ते आठवायचं, ही सवय इतकी जुनी आहे. बापानं काय खाल्लं, हे कुणी विचारत नाही.

आता पपई. पपई हे मूळचं अमेरिका खंडातलं झाड. पोर्तुगीज या बाजूला आल्यानंतर, सोळाव्या शतकात ते आपल्याकडे पोचलं. मिरची, शेंगदाणा, पेरू, टोमॅटो हीसुद्धा त्याच खंडातून आलेली पाहुणी मंडळी. म्हणजे चरक आणि सुश्रुत यांनी पपई पाहिलेलीच नव्हती, तर ती गर्भिणीला वर्ज्य कशी करणार? तरीही पपईचा सल्ला अगदीच हवेतला नाही. सिंगापूरच्या संशोधकांनी २००२ साली उंदरांच्या माद्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पिकलेल्या पपईनं त्यांना काही झालं नाही, पण कच्च्या पपईच्या चिकानं गर्भाशय आकसलं. तेव्हा कच्ची पपई टाळलेली बरी. पिकलेल्या पपईच्या दोन फोडी खाल्लेल्या बाईला मात्र रात्रभर झोप लागू न देण्याचं कारण नाही.

डोहाळ्यांचंही असंच. हा शब्द संस्कृतातल्या 'दोहद' शब्दावरून आला. सुश्रुतानं गर्भिणीला दोन हृदयांची बाई म्हटलं आहे, एक तिचं आणि एक पोटातल्या जिवाचं. तिची इच्छा अपुरी राहिली तर मूल कुबडं, लंगडं, ठेंगणं होतं, असं तिथं सांगितलंय. ते काही खरं नाही. पण एका गोष्टीसाठी आम्ही सुश्रुताला मानतो. बाईला काय हवं हे निदान त्या दिवसांत तरी तिला विचारावं लागलं. आपलं डोहाळजेवण त्यातूनच आलं. सातव्या महिन्यात हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, झोपाळा, पाच-सात पक्वान्नं, आणि वाटी उघडून पेढा की बर्फी बघणं. एक दिवस ताट भरलेलं. बाकीच्या दिवसांचं काय, ते पुढे येईलच.

एका डोहाळ्याकडे मात्र हसण्यावारी बघू नका. माती, खडू, कोळसा, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं. कालिदासाच्या 'रघुवंशा'त राणी सुदक्षिणेच्या तोंडाला मातीचा वास येतो आणि राजाला तो आवडतो. काव्यात ते गोड आहे. पण असं खावंसं वाटणं आणि रक्तातलं लोह कमी असणं यांचा संबंध डॉक्टरांना पुष्कळदा दिसतो. तुमच्या घरात कुणी चोरून माती खात असेल तर रागावू नका, तिचं रक्त तपासून घ्या.

आता सगळ्यात मोठ्या सल्ल्याकडे येऊ. कमी खा.

आपल्या भाषेत जेवण जातं तेही पोटात आणि बाळ असतं तेही पोटात. पोटुशी, पोटचं पोर, पोट पडणं, पोटभर जेवणं, सगळ्याला शब्द एकच. त्यामुळे पोटभर जेवली तर बाळाला जागा कुठे उरणार, असं कुणाला वाटलं तर नवल नाही. नवव्या महिन्यात तूप प्यायलं की बाळ घसरून येतं, ही समजूतही त्यातलीच. अन्नाची पिशवी वेगळी आणि बाळाची पिशवी वेगळी. बाळ मोठं व्हायला लागलं की अन्नाच्या पिशवीवर दाब येतो आणि एका वेळी जास्त जेवण जात नाही, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे थोडं थोडं चार-पाच वेळा खाणं. जेवण तोडणं हा उपाय नव्हे.

पण या सल्ल्याच्या मुळाशी एक खरीखुरी भीती होती. मुलींची लग्नं आठव्या-नवव्या वर्षी होत. आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुढे अमेरिकेत डॉक्टर होताना, १८८६ साली, त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो आपल्याकडच्या जुन्या प्रसूतिशास्त्राचा. त्या काळात शरीरसंबंधासाठी मुलीचं वय कायद्यानं दहा होतं. १८९१ साली ते बारा केलं, तर त्यावरूनही पुण्यात केवढं वादळ उठलं. लग्नाचं वय चौदा करणारा शारदा कायदा १९२९चा. म्हणजे जिची स्वतःची हाडं अजून वाढायची आहेत, जी लहानपणापासून अर्धपोटी आहे, तिला मूल होणार. घरात सुईण, जवळ दवाखाना नाही, सिझरचं नावही नाही. बाळ अडलं की दोघंही जायची. अशा घरातली म्हातारी जेव्हा म्हणायची की बाई, बेतानं खा, तेव्हा तो तिचा हिशेब होता. लहान बाळ पुढे जगवता येईल, पण सून तर वाचली पाहिजे. तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. ताट तेवढं हातात होतं.

हे फक्त आपल्या म्हाताऱ्यांचंच होतं असंही नाही. लुडविग प्रोखोव्हनिक नावाच्या जर्मन डॉक्टरानं १८८९ साली हाच सल्ला छापून दिला. मुडदुसानं ज्यांच्या कंबरेच्या हाडांचा घेर अरुंद राहिला होता, अशा बायकांना शेवटचे सहा आठवडे पाणी आणि पिष्टमय पदार्थ कमी द्यायचे, म्हणजे बाळ लहान राहील आणि बाळंतपण पार पडेल. मोजक्या आजारी बायकांसाठी काढलेलं हे पथ्य हळूहळू धडधाकट बायकांनाही लागू झालं. अमेरिकेत तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टर गरोदर बाईचं वजन सात ते नऊ किलोंपेक्षा जास्त वाढू नये म्हणून तिला दटावत असत. १९७० साली तिथल्या तज्ज्ञांच्या समितीनं हे चूक ठरवलं आणि सरासरी अकरा किलो वाढ योग्य असं सांगितलं. पांढरा कोट घातल्यानं चुकीचा सल्ला बरोबर होत नाही. फरक एवढाच, की तिथं सल्ला तपासला गेला आणि मागे घेतला गेला. आपल्या चुलीपाशी तो अजून चालू आहे. मुली आता वीस-बावीस वर्षांच्या असतात, सिझर तालुक्याला होतं, तरी चालू आहे.

कमी खाण्यानं काय होतं, याचा एक मोठा धडा मुंबईत शिकला गेला, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकात नाही याचं आम्हाला वाईट वाटतं. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गरोदरपणात गरीब बायकांना, त्यांत गिरणीतल्या कामगार बायकांना, एक भयंकर पंडुरोग होत होता. रक्त पाण्यासारखं फिकं, दोन पावलं चाललं की दम, आणि बाळंतपणाच्या सुमाराला मरण. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून विल्सबाईंनी शोध सुरू केला. जंतू सापडला नाही. मग त्यांनी ताटात पाहिलं. विल्स आणि तळपदे यांनी मुंबईच्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी करून ती १९३० साली छापली. आजारी बायकांच्या जेवणात भाजी, फळं, दूध यांची वानवा होती. उंदरांवर, माकडांवर प्रयोग झाले. शेवटी उतारा सापडला तो मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थात. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा हा काळा, खारट अर्क. तो दिल्यावर मरणाच्या दारातल्या बायका उठून बसल्या. १९३१ साली हे जगासमोर आलं.

त्या अर्कात नेमकं काय होतं, हे समजायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ साली अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये चार टन पालक आटवून तो पदार्थ वेगळा काढला आणि लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला नाव दिलं फोलिक आम्ल. पानातलं आम्ल. पालक, मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला, आपली रोजची पालेभाजी. 'वातूळ' म्हणून जी आपण पोटुशीच्या ताटातून सगळ्यात आधी काढतो, तीच. पावसाळ्यात पानांवर चिखल, अळ्या असतात, म्हणून सांभाळून खा, असं कधीतरी कुणी शहाणीनं सांगितलं असेल. ते धुऊन-शिजवून भागतं. १९९१ साली ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासातून आणखी कळलं. आधीचं मूल पाठीच्या कण्याच्या व्यंगाचं झालेल्या बायकांना दिवस जाण्याच्या आधीपासून फोलिक आम्ल दिलं, तर पुन्हा तसं मूल होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. बाळाचा कणा गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत बंद होतो. सल्ले सुरू होण्याच्याही आधी.

आणि अगदी आपल्या घराजवळचं सांगायचं तर पुण्याजवळची सहा गावं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या शेतकरी बायकांचा आहार मोजला. शोभा राव यांनी २००१ साली ७९७ बायकांचे आकडे मांडले. बाळांचं सरासरी वजन २ किलो ६६५ ग्रॅम भरलं. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं मानतात, म्हणजे सरासरीच काठावर. ज्या बायका पालेभाजी आणि फळं वारंवार खात होत्या, दूध घेत होत्या, त्यांची बाळं भरलेली निघाली. महागडी पावडर कुणी खाल्ली नव्हती.

लोह आणि फोलिक आम्लाच्या लाल गोळ्या सरकार १९७०पासून देतंय. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. या गोळ्यांनाही सल्ल्यांनी सोडलेलं नाही: बाळ काळं होतं, बाळ फार मोठं होतं. शौचाला काळं होतं, मळमळतं, एवढं खरं, आणि बाळाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. गोळीबरोबर लिंबू चालतं, चहा मात्र तासभर लांब ठेवा. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. हे विल्सबाई येऊन गेल्यानंतर नव्वद वर्षांनी. ज्यांना साखर किंवा बीपी आहे त्यांचं पथ्य वेगळं असतं, ते डॉक्टरांनाच विचारा.

आम्हाला एक गोष्ट खटकते. सल्ल्यांची यादी बघा, त्यात 'खाऊ नको' किती आणि 'हे घे' किती. आणि जे 'घे' आहे ते केशर, तूप, बदाम, म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यानंच घ्यावं असं. शेंगदाणा-गुळाचा लाडू स्वस्त, तर तो उष्ण. अंडं स्वस्त, तर तेही उष्ण. ज्या घरात सून शेवटी जेवते, तिथं भाजी संपलेली असते आणि कालवणाला पाणी घातलेलं असतं. तिथं 'बेतानं खा' हे वेगळं सांगायची गरजच नसते.

म्हणूनच आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत २०१५ साली राज्यात सुरू झालेली अमृत आहार योजना आम्हाला महत्त्वाची वाटते. तिच्यात गरोदर बाईला एक वेळचं गरम, चौरस जेवण मिळतं: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळी. ते बांधून घरी नेलं असतं तर धाकट्या दिरात, मुलांत वाटलं गेलं असतं. इथं बाई अंगणवाडीत बसून, इतर पोटुश्यांच्या पंगतीत, आपलं ताट आपण संपवते. ज्यांच्या गावात ही योजना आहे त्यांनी सुनेला स्वतः पोचवायला जावं. सासूबाईंनीही एक दिवस तिथं बसून बघावं.

बाळंतिणीच्या पथ्याचं, म्हणजे पाणी पिऊ न देण्याचं आणि नुसत्या भातावर ठेवण्याचं, पुढच्या भागात बोलू.