शेपफाइंडर

शेपफाइंडर : त्रिमितीय प्रतिमेतील किंवा संगणकीय सिम्युलेशनमधील रचना गोळ्यासारखी, पत्र्यासारखी की दोऱ्यासारखी आहे, हे संख्यांत सांगणारी मापे. पुण्यातील ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन केंद्राचे वरुण साहनी यांनी बी. एस. सत्यप्रकाश व सर्गेई शांदारिन यांच्यासह १९९८ मध्ये ती मांडली.

पार्श्वभूमी : विश्वात दीर्घिकांचे समूह, तंतू, भिंती व पोकळ्या यांचे जाळे आढळते. मात्र विस्कळीत ठिपक्यांतही डोळ्यांना रेषा दिसतात, म्हणून मोजमाप लागते. रूढ साधन असलेले द्विबिंदू सहसंबंध फलन हे ठरावीक अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या यादृच्छिक वाटपापेक्षा किती जास्त आहेत ते सांगते. जोड्यांच्या अंतरांतून आकार पूर्णपणे कळत नाही. सहसंबंध सारखाच असूनही एक नमुना तंतुमय व दुसरा ढगाळ असू शकतो.

पद्धत : घनतेचा उंबरठा ठरवून त्याहून दाट भाग वेगळे काढतात व प्रत्येकाचे घनफळ, पृष्ठफळ, पृष्ठभागावरील माध्य वक्रतेची बेरीज आणि छिद्रांची मोजणी करतात. ही चार मिन्कोव्स्की फलनके होत. घनफळाच्या तिपटीला पृष्ठफळाने भागल्यास जाडी, पृष्ठफळाला वक्रतेने भागल्यास रुंदी आणि वक्रतेला पायच्या चौपटीने भागल्यास लांबी मिळते. गोलासाठी तिन्ही मापे त्रिज्येइतकी येतात. पातळ चकतीत जाडी नगण्य, तर रुंदी व लांबी तुल्यबळ असतात. दोऱ्यात लांबी इतर दोहोंपेक्षा खूपच मोठी असते. लांबी-रुंदीच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की ‘तंतुपणा’ ० ते १ या पट्टीवर मिळतो. रुंदी व जाडीवरून तसाच ‘पत्रेपणा’ काढतात.

उपयोग : २००३ मध्ये जतुष शेठ यांच्यासह या गटाने ‘सर्फजेन’ ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. ती रचनेचा पृष्ठभाग त्रिकोणांनी विणून ही मापे काढते. पुढे विश्वातील हायड्रोजनाच्या पुनर्आयनीभवनाच्या सिम्युलेशनवर ही पद्धत वापरली गेली. आयनीभूत प्रदेश एकमेकांना जोडले जात असताना सर्वांत मोठ्या प्रदेशाची लांबी झपाट्याने वाढते, जाडी व रुंदी मात्र फारशी बदलत नाहीत, असे त्यात दिसले.

मर्यादा : उंबरठा व प्रतिमेला दिलेला गुळगुळीतपणा बदलला की आकडेही बदलतात. म्हणून अनेक उंबरठ्यांवर मोजून यादृच्छिक नमुन्यांशी तुलना केल्यानंतरच निष्कर्ष ग्राह्य धरावा.