सिंकखालच्या वळणाचा इतिहास

काही दिवसांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरातले सिंक तुंबले. प्लंबरने नळी सोडवून आतला गोळा बाहेर काढला. तो मऊ आणि तेलकट असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो पांढरट, कडक आणि खडूसारखा ठिसूळ निघाला. सिंकमध्ये जाते ते तेल. मग नळीत खडू कुठून येतो? या साध्या प्रश्नामागे साडेचार हजार वर्षांचा इतिहास आहे.

सिंध प्रांतातील मोहेंजोदडो येथे घराघरांतील सांडपाणी रस्त्याकडेच्या विटांच्या नाल्यांत जात असे. वाटेत ठिकठिकाणी खड्डे बांधलेले होते. गाळ त्यांत तळाशी बसे आणि वरचे पाणी पुढे वाहत जाई. नाल्यांवर विटांची किंवा दगडी फरश्यांची झाकणे होती आणि ती उचलता येत. उत्खननकार अर्नेस्ट मॅके यांना नाल्यांच्या कडेला वाळूचे लहान ढीग आढळले. नाले उपसून काढलेला हा गाळ असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. या रचनेत दोन तत्त्वे दिसतात. घन पदार्थ प्रवाहातून वेळीच वेगळे करावेत. आणि तरीही जे साचेल, ते वरून काढता यावे.

पुढचा टप्पा लंडनचा. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचकूपाच्या रचनेचे पेटंट घेतले. त्यात निचऱ्याच्या नळीला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण होते. वळणात थोडे पाणी कायम अडून राहते आणि गटारातील वायूला घरात येण्यास मज्जाव करते. दुर्गंधीनेच रोग होतात, अशी त्या काळी समजूत होती. ती समजूत पुढे चुकीची ठरली. वळण मात्र टिकले. आज आपल्या सिंकखाली त्याचीच सुधारित रूपे असतात. या सोयीची किंमत एवढीच, की जिथे पाणी थांबते तिथे शिते आणि चहाचा चोथाही थांबतो.

आता खडूचे कोडे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्निग्ध पदार्थांची घडण उलगडली. ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांच्या संयोगातून तेल-तूप बनते, आणि साबण म्हणजे मेदाम्लांचे क्षार, हे त्यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. सोडियमचा साबण पाण्यात विरघळतो. कॅल्शियमचा विरघळत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की गटारांतील कठीण थर हे मुख्यतः कॅल्शियमचे साबणच असतात. वापरलेल्या तेलातील मुक्त मेदाम्ले सांडपाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावतात. हे कॅल्शियम पाण्यातून येते, तसेच काँक्रीटमधूनही झिरपते. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात सापडलेला असा एक गोळा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता.

म्हणूनच ‘वरून उकळते पाणी ओता’ हा सल्ला अपुरा आहे. गरम पाण्याने तूप वितळते खरे. पण ते पुढे जाऊन थंड होते आणि तिथे गोठते. अडथळा नाहीसा होत नाही, आपल्या घरातून सार्वजनिक वाहिनीत सरकतो.

तिथे काय होते? तुंबलेल्या वाहिनीत सांडपाणी साचून राहते, त्यातील ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने मॅनहोलच्या तळाशी साठतो. त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते, वास येईनासा होतो. धोक्याची सूचनाच नाहीशी होते. कमिंगच्या वळणाने जो वायू आपल्या घराबाहेर ठेवला, त्याच वायूत आपण माणूस उतरवतो.

संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यास भारतात २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. यंत्रे पुरवणे आणि कायदा पाळणे ही शासनाची व नगरपालिकांची जबाबदारी आहे, आणि ती घरगुती काटकसरीने भरून निघणार नाही. तरीही तुंबण्याची सुरुवात ज्या टोकाला होते, ते टोक आपल्या हातात आहे.

कढईतील उरलेले तेल सिंकमध्ये न ओतता बाटलीत साठवावे. तुपाची ताटे धुण्यापूर्वी जुन्या कागदाने पुसून घ्यावीत. सिंकवर बारीक जाळी ठेवावी आणि खरकटे ओल्या कचऱ्यात टाकावे. नळीच्या वळणाखालची वाटी अधूनमधून फिरवून काढावी आणि साफ करावी. यात नवे काहीच नाही. आधी अडवा आणि वरून काढा, हे मोहेंजोदडोच्या गवंड्यांना ठाऊक होते. आपल्या नळ्या भिंतीआड आणि जमिनीखाली गेल्या, एवढाच फरक. आणि जे दिसत नाही, ते कोण साफ करतो हेही आपल्याला दिसेनासे झाले.