मॉडेल रेल्वेचा छंद: 'सोन्याचा खिळा' मिळेपर्यंत नवख्याने काय काय करायचं असतं?

वाढदिवसाला खोका येतो. त्यात एक इंजिन, तीन डबे, गोल जुळणारे रूळ आणि एक पॉवर पॅक. जमिनीवर रूळ जोडले जातात, गाडी गोल गोल धावते, घरातले सगळे व्हिडिओ काढतात. चौथ्या दिवशी मात्र खोका माळ्यावर जातो.

मॉडेल रेल्वेच्या छंदात बहुतेकांची गाडी इथेच थांबते. उरलेल्यांची थांबते नेमक्या उलट कारणाने. ते पहिल्याच महिन्यात अख्ख्या घाटाचा, बोगद्यांचा आणि मोठ्या जंक्शनचा आराखडा काढतात, प्लायवूड आणतात आणि दोन वर्षांनी त्या प्लायवूडवर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असतात.

या दोन टोकांच्या मध्ये नवख्यांसाठी काही टप्पे आहेत. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन, म्हणजे एनएमआरए, या संस्थेने ते लिहूनच ठेवले आहेत. त्यातल्या पहिल्या सन्मानाचं नाव 'गोल्डन स्पाइक', म्हणजे सोन्याचा खिळा.

सोन्याचा खिळा म्हणजे काय?

१० मे १८६९ रोजी अमेरिकेतल्या युटामध्ये, प्रोमॉन्टरी समिट इथे, पूर्वेकडून आलेली युनियन पॅसिफिक आणि पश्चिमेकडून आलेली सेंट्रल पॅसिफिक या दोन रेल्वे एकमेकींना मिळाल्या. त्या सोहळ्यासाठी सोन्याचा खिळा बनवला होता. सोनं मऊ असल्याने तो खरोखर ठोकला गेला नाही. आधीच पाडून ठेवलेल्या भोकात तो बसवला, लगेच काढून घेतला आणि रूळ पक्के करण्याचं काम साध्या लोखंडी खिळ्याने केलं. मूळ खिळा आज स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

एनएमआरएची स्थापना १९३५ मध्ये मिलवॉकी इथे झाली. तेव्हा एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर नीट चालेल याची खात्री नसायची. चाकं, रूळ, जोडण्या यांची मापं ठरवणं हे संस्थेचं पहिलं काम. छंदिष्टांच्या कौशल्याला टप्पे लावून देणं नंतर आलं.

गोल्डन स्पाइकसाठी संस्थेचं सभासदत्व लागतं आणि तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, स्वतः बांधलेले किंवा किटवर जास्तीचं बारीक काम केलेले सहा डबे वा इंजिनं. दुसरी, किमान ८ चौरस फूट मांडणी, देखाव्यासकट, आणि पाच इमारती. तिसरी, तीन वेगवेगळ्या प्रकारचे रूळभाग (उदाहरणार्थ सांधा किंवा क्रॉसिंग), खाली नीट पाया, वर खडी, आणि वायरिंग असं की दोन गाड्या एकाच वेळी चालवता येतील. शिवाय विजेवर चालणारी आणखी एक सोय: सिग्नल, मोटरने हलणारे सांधे किंवा इमारतींमधले दिवे.

८ चौरस फूट म्हणजे सिंगल बेडच्या निम्म्याहूनही कमी जागा. म्हणजे हा सन्मान बंगलेवाल्यांसाठी नाही, वन बीएचकेमध्येही तो मिळू शकतो. ही स्पर्धाही नाही. अट पूर्ण झाली की झाली.

त्याआधी: कोणतं माप?

दुकानात सगळ्यात जास्त मिळतं ते एचओ, १:८७ प्रमाणाचं, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याहून लहान एन, १:१६०, अंतर ९ मिलिमीटर. बाकीची मापंही आहेत, पण पहिल्या वर्षी निवड या दोनांतच होते.

निवड करताना खोलीची लांबी मोजावी, कारण मन मोठं असतं आणि भिंत नसते. आपल्याकडचा एलएचबी डबा सुमारे २४ मीटर लांब. एचओमध्ये तो साधारण २७ सेंटिमीटर होतो. २२ डब्यांची एक्स्प्रेस जशीच्या तशी करायची तर सहा मीटरच्या आसपास गाडीच झाली. ती जिथे थांबेल ते स्टेशन वेगळंच. म्हणून जगभरचे छंदिष्ट पाच-सहा डब्यांची गाडी करतात आणि डोळ्यांना ती पूर्ण वाटेल अशी मांडणी करतात.

भारतीय गाड्या करू पाहणाऱ्यांना आणखी एक पेच असतो. एचओचे रूळ हे १४३५ मिलिमीटरच्या 'स्टँडर्ड' गेजचे छोटं रूप आहेत. आपलं ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ मध्ये ते १९ मिलिमीटरहून थोडं जास्त व्हायला हवं. तयार रूळ वापरले की गाडी रुळांच्या मानाने किंचित रुंद दिसते. बहुतेक जण ते चालवून घेतात, आणि सुरुवातीला चालवून घेणंच शहाणपणाचं.

पहिला टप्पा: गाडी घसरता कामा नये

हा टप्पा कोणत्याही प्रमाणपत्रावर नाही, पण छंद टिकतो की नाही ते इथेच ठरतं. डोंगर, झाडं, स्टेशनवरची माणसं हे सगळं नंतर. आधी एक गाडी एकाच रुळावर, पुढे आणि मागे, अर्धा तास न घसरता चालली पाहिजे. मागे ढकलत नेताना तर नक्कीच, कारण दोष उघडे पडतात ते तेव्हा.

घसरण्याची कारणं मोजकीच असतात. रुळांच्या सांध्यात बारीक पायरी राहिलेली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, पण बोट फिरवलं की लागते. वळण फार तीव्र असतं. नवख्यांच्या एचओ सेटमध्ये बहुधा १८ इंची, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण येतं. त्यावर छोट्या मालडब्यांची गाडी सुखाने जाते, लांब प्रवासी डबे मात्र वळणावर अडतात. किंवा डबा फार हलका असतो. एनएमआरएची शिफारस अशी की एचओ डब्याचं वजन १ औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस असावं. सहा इंची डब्याला ४ औंस, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम. बाजारातले बरेच डबे याहून हलके भरतात. आत दोन-चार नट चिकटवले की तोच डबा शहाण्यासारखा वागू लागतो.

याच टप्प्यावर वेगही शिकायचा असतो. १८ इंची वळणाचं एक पूर्ण वर्तुळ सुमारे २.९ मीटरचं. त्यावर एक फेरी १५ सेकंदांत झाली तर प्रमाणात तो वेग ताशी ६० किलोमीटर होतो. घरोघरी ही फेरी चार सेकंदांत होते, म्हणजे ताशी २२५! वंदे भारतलाही न झेपणारा हा वेग मालगाडीला दिला की ती खेळणं दिसणारच. हळू, न अडखळता सुटणारी आणि हळू थांबणारी गाडी, एवढ्यानेही मांडणी निम्मी खरी वाटू लागते.

वीज: इथे बरेच जण हात टेकतात

साधी पद्धत १२ व्होल्ट डीसीची. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, धन-ऋण उलटं केलं की गाडी उलटी जाते. अडचण ही की एकाच रुळावरची दोन इंजिनं एकत्रच धावतात. मग रुळांचे वेगवेगळे विभाग पाडून प्रत्येकाला स्विच लावायचा, किंवा डीसीसी पद्धत वापरायची. डीसीसीमध्ये रुळांत वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनात डिकोडर असतो. नियंत्रकाकडून ज्या क्रमांकाला हुकूम जातो तेवढंच इंजिन ऐकतं. गोल्डन स्पाइकमधली 'दोन गाड्या एकाच वेळी' ही अट दोन्हींपैकी कशानेही भागते.

नवख्यांची नेहमीची तक्रार असते, 'टेबलाच्या त्या टोकाला गाडी हळू होते.' रुळांना जोडणाऱ्या छोट्या पट्ट्यांवर वीज वाहून नेण्याचा सगळा भार टाकला की हेच होतं. दर मीटरभर अंतरावर खालून वायर सोल्डर केली की तक्रार मिटते. दुसरी चूक वळसा घेऊन गाडी त्याच रुळावर परत आणण्याची. दिसायला तो आराखडा सुंदर असतो, पण डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. दोन्हीकडे तोडलेला, वेगळ्या वायरिंगचा तुकडा तिथे लागतो. पहिल्या मांडणीत हा वळसा टाळलेलाच बरा.

जागा अजिबात नसेल तर?

ब्रिटिश छंदिष्ट ॲलन राइट यांचं 'इंगलनूक साइडिंग्ज' हे शंटिंगचं कोडं यासाठीच जगभर लोकप्रिय आहे. दोन सांधे, तीन साइडिंग. एकीत ५ वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत ३-३. शंटिंगच्या रुळावर इंजिन आणि ३ वाघिणी एवढीच जागा. एकूण वाघिणी ८. आठ चिठ्ठ्यांतून पाच काढायच्या आणि त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावायची.

ऐकायला सोपं वाटतं. पण अशा गाड्या ६,७२० प्रकारे लागू शकतात आणि एक लावायला नवख्याला सहज अर्धा तास जातो. एचओमध्ये हे सगळं दीड-दोन मीटरच्या फळीवर बसतं. गोल फिरणारी गाडी चार दिवसांत कंटाळा आणते, इथे मात्र गाडीला काम असतं. पहिल्या खोक्यातून जे हरवलेलं असतं ते हेच.

त्यापुढे कुठवर?

एनएमआरएचा सर्वात वरचा सन्मान 'मास्टर मॉडेल रेलरोडर'. त्यासाठी ११ प्रकारच्या प्रमाणपत्रांपैकी ७ मिळवावी लागतात: इंजिनं, डबे, इमारती, देखावा, रूळबांधणी, वीज, वाहतूक नियंत्रण असे विषय. वाहतूक नियंत्रणासाठी ५० तास प्रत्यक्ष गाड्या चालवण्याचा अनुभव दाखवावा लागतो. इथे पोहोचायला अनेकांना दशकं लागतात.

प्रत्यक्ष पाहायचं तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे सिग्नल, उड्डाणपूल असलेलं अख्खं शहर गाड्यांसकट चालतं. जर्मनीत हॅम्बुर्गला २००१ मध्ये ब्राउन बंधूंनी सुरू केलेलं 'मिनियाटुर वुंडरलँड' हे याचं अवाढव्य रूप. दोन्ही पाहून आल्यावर लगेच प्लायवूड आणायला जाऊ नये, एवढीच काळजी घ्यावी.

या छंदातलं सर्वात गाजलेलं नाव कॅलिफोर्नियाच्या जॉन ॲलन यांचं. घराचं तळघर व्यापणारी त्यांची 'गोर अँड डॅफेटिड' ही मांडणी मासिकांतून जगभर पोहोचली. जानेवारी १९७३ मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच ती आगीत नष्ट झाली. ॲलन व्यवसायाने छायाचित्रकार होते, म्हणून ती आज फोटोंमध्ये तरी पाहता येते. त्या फोटोंत डोंगर-दऱ्यांच्या गर्दीत एक छोटा भाग आहे, टेबलाएवढा. तो त्यांची अगदी पहिली मांडणी होती. मोठी बांधताना त्यांनी ती मोडली नाही, तिच्यातच सामावून घेतली.