कर्जत-खालापूर: वीटभट्टीचा हंगाम आणि शाळा

राजमाचीच्या पायथ्याच्या कोंडाण्यापासून खालापूरपर्यंत पसरलेल्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांत शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि अनेक मुलांपुरते दिवाळीलाच संपते. दिवाळी झाली की बिऱ्हाडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळून काथ काढणे हा कातकऱ्यांचा जुना धंदा. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातल्या खैराला हात लावणे अवघड झाले आणि काथ मागे पडला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या. मुंबईभोवती बांधकामे वाढली तशा विटांच्या. धंदा बदलला, तरी जमीन फारशी कोणाच्या नावावर आली नाही.

मुलाच्या शाळेचा निकाल खरे तर भर पावसात लागतो. घरात दाणा नसतो, तेव्हा बाप भट्टीमालकाकडून उचल घेतो. ती फेडायला अख्खे कुटुंब भट्टीवर जाते. मजुरी हजार विटांमागे आणि हिशेब नवरा-बायकोच्या जोडीचा. मूल विटा उलटते, सुकलेल्या विटा वाहते, धाकट्याला सांभाळते. पण मालकाच्या वहीत त्याचे नाव नसते. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आणि १९८६ चा बालकामगार कायदा यांची अंमलबजावणी इथेच अडते. नोंदच नसलेला कामगार तपासणीत सापडणार कसा?

उपासमारीचे कर्ज आणि शाळा यांचा संबंध कर्जत तालुक्यात फार पूर्वी ओळखला गेला होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले माथेरानचे भाई कोतवाल यांनी कर्जतच्या खेड्यांत शाळा काढल्या आणि सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्याही चालवल्या. शाळा आणि धान्य यांची ही जोडी पुढच्या बहुतेक सरकारी योजनांना साधली नाही.

मुलामागे शाळेने जायचे, ही वाट इतरत्र दिसते. बालशिक्षणतज्ज्ञ अनुताई वाघांनी कोसबाडला गुराख्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. जुन्या ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भट्टीवरच भोंगाशाळा भरवल्या. भोंगा म्हणजे मजुरांची कच्च्या विटांची झोपडी.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळू लागला, पण अर्धे वर्ष बुडालेले मूल वाचता न येताच वरच्या वर्गात जाऊ लागले. दिवाळीपर्यंत जेमतेम जुळलेली अक्षरे जूनपर्यंत पुसली जातात आणि दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. मुले शाळेतून गळतात, ती नावडीमुळे नाही.

स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली, तसे जिथे जाल तिथल्या शाळेत दाखल होण्यासाठीचे शिक्षण हमी कार्डही आले. आजी-आजोबा वाडीत असतील तर वसतिगृहाच्या आधाराने मूल मागे राहू शकते. तान्हे बाळ असलेल्या घरात मात्र थोरल्या मुलीला बरोबर न्यावेच लागते, कारण आई चिखलात उतरली की बाळ सांभाळायला दुसरे कोणी नसते.