मुंबईचे पहिले व्यापारी नभोवाणी केंद्र : १९२७ ते १९३०

मुंबईतील ध्वनिक्षेपणाचा इतिहास सरकारी खात्यापासून सुरू होत नाही. जून १९२३ मध्ये येथील रेडिओ क्लबाने हौशी प्रयोगांस आरंभ केला. आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ज्या नियमित केंद्राचे उद्घाटन झाले, ते 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' या खाजगी भांडवलाच्या मंडळीचे होते. महिन्याभराने, २६ ऑगस्टला, कंपनीचे दुसरे केंद्र कलकत्त्यास सुरू झाले. १ मार्च १९३० रोजी कंपनी विसर्जित झाली. या अल्पायुष्याचा दोष श्रोत्यांच्या अनास्थेवर ढकलण्याचा मोह होतो. तथापि आकडे निराळेच सांगतात.

कंपनीचे अधिकृत भांडवल १५ लाखांचे. प्रत्यक्ष भरणा झाला अवघा ६ लाखांचा, आणि त्यांतील सुमारे साडेचार लाख दोन केंद्रे उभारण्यातच खर्ची पडले. प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॅट, परिणामकारक टप्पा सुमारे ३० मैल. म्हणजे पुण्यातील घराला मुंबईच्या गाण्याचा भरवसा नव्हता. ध्वनिफितीचा काळ अजून दूर होता. ग्रामोफोनच्या तबकड्या सोडल्या तर गायकवादकांना प्रत्यक्ष पाचारण करणे भाग होते, आणि हा खर्च रोजचा होता.

उत्पन्नाची बाजू याहून लंगडी. श्रोत्याने वर्षाला १० रुपये परवानाशुल्क भरावे, त्यांतील ८ रुपये कंपनीस मिळावेत. शिवाय आयात यंत्रसामग्रीच्या बीजकी किमतीवर १० टक्के आकार मिळावा, अशी योजना होती. १९२७ च्या अखेरीस परवाने ३,५९४ होते. १९२९ च्या अखेरीस ते ७,७७५ झाले. श्रोते घटत नव्हते, वाढत होते! परंतु ७,७७५ परवान्यांचे कंपनीच्या वाट्याचे शुल्क होते ६२,२०० रुपये. दोन्ही केंद्रांचा मासिक खर्च ३३,००० वरून २४,००० रुपयांपर्यंत छाटूनही वर्षाचे शुल्क तीन महिने पुरत नव्हते. छाटणीची झळ कार्यक्रमांना लागली असल्यास नवल नाही.

यंत्र बाळगून परवाना न घेणारे किती, याची मोजदाद होणे शक्य नव्हते. त्यांना अटकाव करणारे परिणामकारक साधन मात्र कंपनीच्या हाती नव्हते, हे निश्चित. वसुलीचा अधिकार सरकारचा आणि तोटा भागधारकांचा, अशी ही विषम वाटणी होती. कंपनीच्या खऱ्या अपयशाचे मूळ येथे आहे.

१ एप्रिल १९३० पासून सरकारने ही सेवा चालविण्यास घेतली. तिलाही तोच तोटा भोवला. ९ ऑक्टोबर १९३१ रोजी ती बंद करण्याचे ठरले, लोकांनी ओरड केल्यावर २३ नोव्हेंबरला तो निर्णय फिरला, आणि मे १९३२ मध्ये सेवा चालू ठेवण्याचे कायम झाले. विनापरवाना यंत्र बाळगणे हा गुन्हा ठरविणारा १९३३ चा कायदा १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. त्या वर्षाच्या अखेरीस परवाने १६,१७९ झाले. या वाढीत डिसेंबर १९३२ मध्ये सुरू झालेल्या बी.बी.सी.च्या एम्पायर सेवेचाही वाटा आहे. पण कंपनीला जे साधन हवे होते, ते ती बुडाल्यानंतर सरकारने स्वतःसाठी निर्माण केले. खाजगी कंपन्यांना भारतात पुन्हा वाव मिळाला तो २००१ मध्ये, बंगळूरच्या एफ.एम. केंद्रापासून, आणि तेव्हा त्यांची भिस्त परवान्यांवर नव्हे, जाहिरातींवर होती.